गप्प बसणारा ड्रायव्हर

९ जून
टचस्क्रीनचा ड्रायव्हर तपासायला घेतला. बोर्ड सुरू होताच लॉगमध्ये लाल ओळी: रेग्युलेटर मिळाला नाही, एरर उणे ५१७. स्क्रीन मात्र छान चालते. ५१७ म्हणजे ‘प्रोब डिफर’. रेग्युलेटरचा ड्रायव्हर अजून उभा राहिलेला नाही, तेव्हा कर्नेल आपल्याला नंतर पुन्हा बोलावणार. यात बिघडलंय काय? लिनक्स ५.९ पासून यासाठी ‘डेव्ह_एर_प्रोब’ हे फंक्शन आहे. एररचा आकडा ५१७ असेल तर ते डीबग पातळीवर लिहितं, दुसरं काही असेल तर एरर पातळीवर. त्या ओळी तशा बदलायला सांगितल्या.

१० जून
कर्नेलच्या लॉगच्या पातळ्या आठ, ० ते ७; आकडा जितका लहान तितकी बाब गंभीर. वरच्या तीन ड्रायव्हरने सोडूनच द्याव्यात. ‘इमर्जन्सी’ म्हणजे अख्खी यंत्रणा कोसळतेय, आणि ते जाहीर करणं टचपॅनलचं काम नव्हे. खरा वाद ३ (एरर), ४ (वॉर्निंग), ६ (माहिती) आणि ७ (डीबग) मध्ये. मी एवढंच विचारतो, की ओळ वाचून कुणी काय करायचं? उपकरण चालूच शकत नाही, तर एरर. इंटरप्ट मिळाला नाही म्हणून पोलिंगवर भागवलं, तर वॉर्निंग. सगळं ठीक, तर काहीच नाही.
‘ड्रायव्हर लोड झाला’ या ओळीने ग्राहकाला धीर येतो, असं सहकाऱ्याचं म्हणणं. मला पटत नाही. असा धीर प्रत्येक ड्रायव्हर देऊ लागला की खरी तक्रार शोधायची कुठे? शिवाय बूटला ‘क्वाएट’ दिलं की कन्सोलवर सहसा ४ च्या आतलंच दिसतं, म्हणून ओळ दिसावी यासाठी लोक वॉर्निंगची एरर करतात. हे मला सर्वांत घातक वाटतं.

१२ जून
पॅनलची केबल सैल केली. दर इंटरप्टला आय-टू-सी रीड फसतो आणि दर वेळी एक एरर. सिरीयल कन्सोल ११५२०० बॉडवर सेकंदाला साधारण साडेअकरा हजार अक्षरं पाठवतो. ८० अक्षरांच्या ओळीला ७ मिलिसेकंद. सेकंदाला १०० इंटरप्ट आले तर त्यातले ७०० मिलिसेकंद निव्वळ छापण्यात जातात. इथे ‘रेटलिमिटेड’ हवंच. ते मुळात ५ सेकंदांत १० ओळींवर थांबतं.
प्रोग्रॅमने चुकीचा आयओक्टल (ड्रायव्हरला दिलेली आज्ञा) पाठवला तर एरर परत करायची, लॉगमध्ये लिहायचं नाही. नाहीतर कुणीही लॉग भरून टाकेल.

१३ जून
केमॅलॉक (मेमरीची मागणी) फसल्याची ओळ काढली; ॲलोकेटर स्वतःच सविस्तर लिहितो. डीबगच्या ओळी ठेवल्या. डायनॅमिक डीबग असेल तर त्या चालत्या कर्नेलमध्ये हव्या तेव्हा सुरू करता येतात.
टीमला कळवलं: पॅच पाठवण्याआधी डीमेसेजमधल्या, म्हणजे कर्नेलच्या लॉगमधल्या, फक्त एरर आणि वॉर्निंग काढून पाहा. उपकरण नीट चालत असेल, तर तिथे आपल्या ड्रायव्हरची एकही ओळ नको.