चालती विश्रांती

विश्रांती या शब्दाशी आपण निश्चलतेची कल्पना इतकी घट्ट जोडून ठेवली आहे, की दमलेल्या माणसाला आपण सहज म्हणतो, 'जरा पडून राहा.' हा सल्ला प्रेमाचा असतो. तापात, आजारात, ताज्या दुखापतीत तो योग्यही असतो. मात्र व्यायामाने आंबलेल्या शरीराला तो नेहमीच मानवतो असे नाही.

सेमिनरीत असताना रोज सायंकाळी मैदानावर धावायचे आणि रात्री गाढ झोपायचे, एवढेच आम्हांला ठाऊक होते. पन्नाशी ओलांडल्यावर मात्र शरीर हिशेब मागू लागते. पहाटेची मिस्सा, शाळेची कामे आणि घरभेटी यांतून व्यायामशाळेसाठी वेळ निघत नाही. म्हणून मी खोलीतच एक चटई अंथरली. सोमवारी आणि गुरुवारी बैठका, जोर व पायरीवरील चढउतार. मंगळवारी आणि शुक्रवारी हलका दिवस. या हलक्या दिवसाविषयीच मला चार शब्द लिहायचे आहेत.

बैठका काढल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात आणि जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावासा वाटतो. स्नायूंत साचलेल्या आम्लामुळे असे होते, हा समज अजूनही सर्वत्र आढळतो. वस्तुतः श्रमाच्या वेळी वाढलेले लॅक्टेट साधारण तासाभरात पूर्वपातळीवर येते. ठणका मात्र त्यानंतर चढत जातो आणि एक ते तीन दिवसांत सर्वाधिक जाणवतो. स्नायूंच्या तंतूंना झालेली सूक्ष्म इजा आणि तिच्या दुरुस्तीसाठी शरीराने चालवलेली धावपळ, हे त्याचे मुख्य कारण मानले जाते. भार पेलत असताना स्नायू लांबतो तेव्हा ही इजा अधिक होते. म्हणूनच चढण्यापेक्षा उतरणे महागात पडते.

अशा दिवशी मी वीस मिनिटे चालतो. सोबत्याशी सहज बोलता येईल एवढ्याच वेगाने. पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावताना पायांतील रक्त हृदयाकडे ढकलतात. सांध्यांतील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. हालचालीच्या दाबाने आत-बाहेर होणाऱ्या वंगणासारख्या द्रवातूनच तिचे पोषण होते. चालण्याने तंतू लवकर सांधले जातात, असा दावा मी करणार नाही. ते काम झोप, आहार आणि काळ यांचे आहे. पण चालताना ठणका सौम्य होतो, ताठरपणा सैलावतो आणि शरीराची सवय मोडत नाही.

ही सवय किती लवकर मोडते, हे 1966 साली अमेरिकेतील डॅलस येथे दिसून आले. विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवण्यात आले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा असे आढळले, की त्या तीन आठवड्यांनी त्यांची श्रमक्षमता जेवढी घटवली होती, तेवढी मधल्या तीस वर्षांच्या वयवाढीनेही घटवली नव्हती.

चालण्यानंतर सांध्यांची पाळी येते. भिंतीपासून चार बोटांवर पाऊल ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा; हे घोट्यासाठी. चटईवर बसून, हात मागे टेकवून, वाकवलेले दोन्ही गुडघे हळूहळू एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे न्यायचे, हे खुब्यांसाठी. हातगुडघ्यांवर येऊन पाठ मांजरीसारखी उंच करायची व खाली सोडायची, हे कण्यासाठी. प्रत्येक क्रिया दहा वेळा, श्वास न रोखता. दुसऱ्याने माझा पाय उचलून धरणे निराळे आणि तो मी स्वतःच्या बळावर तेवढाच उचलणे निराळे. दुसऱ्या प्रकारात सांध्यावर माझा ताबा असतो आणि खरी कमाई तीच. बोथट ठणका चालेल. टोचणारी वेदना उठली तर थांबावे. सूज आली किंवा लघवी गडद तपकिरी झाली, तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

हे सारे कशासाठी, याचे उत्तर मला घरभेटींत मिळाले. धर्मग्रामातील एक मावशी घरात घसरून पडल्या. हाड मोडले नव्हते, तरी शेजारीण येईपर्यंत त्या जमिनीवरच होत्या. मुलांनी मायेने घरात सर्व सोयी केल्या होत्या: उंच ओटा, खुर्ची, पलंग, कमोड. उकिडवे बसण्याची, मांडी घालण्याची वेळच त्यांच्यावर येत नव्हती. 'फादर, दुखत काही नव्हतं. उठायचं कसं, तेच सुचेना,' त्या म्हणाल्या.

ब्राझीलमधील संशोधकांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 51 ते 80 वयाच्या दोन हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांना जमिनीवर बसून उठण्यास सांगण्यात आले होते. एकूण गुण दहा. हात वा गुडघा टेकला, की प्रत्येक वेळी एक गुण वजा. ज्यांना कमी गुण मिळाले, त्यांच्यात पुढील काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण अधिक होते. केवळ बसता-उठता येण्याने आयुष्य वाढते, असा याचा अर्थ नव्हे. शक्ती, तोल आणि लवचीकता यांची ती एकत्रित खूण आहे.

वाचकहो, आपल्या आजी-आजोबांना यासाठी वेगळा व्यायाम लागला नाही. पाटावरचे जेवण, विळीवरची भाजी, वाफ्यातली खुरपणी यांतून त्यांचे खुबे आणि घोटे रोज फिरत असत. ती कामे आता परत येणार नाहीत, आणि त्या कष्टांचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. पण घरातली जमीन अजून आपलीच आहे. दिवसातून एकदा तरी तिच्यावर बसावे. गुडघे कुरकुरत असतील तर शेजारी खुर्ची ठेवावी, सोबतीला घरातले कुणी असावे. आणि मग, सावकाश का होईना, आपले आपण उठावे.