पुरंदरावरील परकी बंदिवान

पर्जन्यकाळ सरून वरंधा घाटाची वाट मोकळी झाली, तेव्हां पोलादपुराहून महाडमार्गें पुरंदरास जाऊन आलों. बिरवाडी, माझेरी मागें टाकून घाट चढावा, आणि भोर, कापूरहोळ, नारायणपूर या वाटेनें किल्ल्याचा पायथा गांठावा. आम्हां महाडकडच्या लोकांस पुरंदर म्हणजे मुरारबाजी देशपांडे! ते मूळ आमच्याच प्रांतींचे, इ. स. १६६५ त दिलेरखानाशीं झुंजतां झुंजतां या किल्ल्यावर पडले. या खेपेस मात्र पिशवींत अनिता देसाई यांची ‘बॉमगार्टनर्स बॉम्बे’ ही १९८८ सालची इंग्रजी कादंबरी होती.

तिचा नायक ह्यूगो बॉमगार्टनर हा बर्लिनचा यहुदी. नाझींच्या छळांतून निसटून तो हिंदुस्थानांत येतो. आणि युद्ध पेटतांच इंग्रज सरकार त्यालाच जर्मन, अतएव शत्रु, ठरवून सहा वर्षें छावणींत कोंडतें. तारेच्या कुंपणाआड सोबती कोण? तर ज्यांच्या भयानें देश सोडला, त्या नाझींचेच अभिमानी! मागें राहिलेल्या आईचीं पत्रें एके दिवशीं यावयाचीं थांबतात. लेखिकेची स्वतःची माता जर्मन होती. तरी या ठिकाणीं ती आक्रोश करीत नाहीं. तो संयम मला फार मोलाचा वाटला.

ही नुसती कविकल्पना नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत नगर व देवळाली येथें जर्मन बंदिवान होते. पुढें डेहराडूनहून निसटून तिबेटांत गेलेला हाइन्रिख हारर त्यांपैकींच. पुरंदरावर तर कुटुंबेंच्या कुटुंबें ठेवलीं होतीं, व त्यांत यहुदी निर्वासितहि होते. हेर्मान ग्योट्झ हे जर्मन कलेतिहासज्ञहि येथेंच होते. ज्या तटाआड कोंडलें, त्याच तटाचा इतिहास हा पंडित शोधीत बसला! पुढें बडोद्याच्या संग्रहालयाची धुरा त्यांनीं वाहिली, आणि पुरंदरच्या वास्तूंवर लेखनहि केलें.

किल्ला आज सैन्याच्या ताब्यांत असल्यामुळें दाराशीं ओळखपत्र दाखवावें लागतें. माझें नांवगांव वहींत उतरलें जात असतां बॉमगार्टनर आठवल्यावांचून राहिला नाहीं. मुरारबाजींच्या पुतळ्यास वंदन करून इंग्रजांच्या काळच्या पडक्या प्रार्थनामंदिरापाशीं गेलों. त्या कुटुंबांविषयीं एखादी पाटी मला कोठें दिसली नाहीं. जवळच्या तरुण शिपायास विचारलें, तों तो हंसून म्हणाला, “गुरुजी, इथं जर्मन कशाला येतील?” मीं त्याला ग्योट्झांचें नांव सांगितलें. त्यानें तें दोनदां म्हणून पाहिलें.