कंपल्सरी तारीख

गेले दोन महिने मी डुकरांवर काम करतोय. हसू नका. क्लायंट जर्मनीतला आहे, वराहपालन करणाऱ्या शेतकऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो, आणि आम्ही पुण्यात एसीत बसून त्याचे बग काढतो. आईला अजून सांगितलेलं नाही. "परदेशी शेतकऱ्यांचं काहीतरी आहे" एवढंच तिला माहितीये.

तर मागच्या आठवड्यात एक छोटंसं काम अंगावर आलं. नर पिल्लांच्या स्क्रीनवर एक ड्रॉपडाऊन टाकायचा होता. त्यात तीन पर्याय: शस्त्रक्रिया, लस, काहीच नाही. शस्त्रक्रिया म्हणजे खच्ची करणं, हे कळलं. पण लस? लस देऊन कुणी खच्ची होतं का? म्हटलं, लिहिणाऱ्याने दोन रकान्यांची सरमिसळ केली असणार. मेल टाकायच्या आधी जरा वाचून बघितलं. बरं झालं, नाहीतर इज्जत गेली असती.

भानगड अशी आहे. नर डुक्कर वयात आलं की त्याच्या चरबीत ॲन्ड्रोस्टेनोन आणि स्कॅटोल नावाची दोन द्रव्यं साठतात, आणि मांस शिजवताना घाण वास सुटतो. म्हणून पिल्लू आठवड्याचं व्हायच्या आत त्याच्या वृषणांवर चिरा देऊन ती काढून टाकायची, ही युरोपातली जुनी रीत. सात दिवसांच्या आत असेल तर भूल न देताही हे करायला युरोपीय महासंघाचे नियम परवानगी देतात. जर्मनीने मात्र १ जानेवारी २०२१ पासून बिनभुलीच्या कापाकापीवर बंदी घातली. ही बंदी खरं तर २०१९ मध्येच यायची होती, पण दोन वर्षं पुढे ढकलली गेली. डेडलाईन फक्त आपल्याकडेच सरकतात असं नाही.

आता लशीचं. मेंदूतून जीएनआरएच नावाचं दहा अमिनो आम्लांचं एक छोटंसं हार्मोन निघतं. ते खालच्या पिट्यूटरी ग्रंथीला निरोप देतं, ती वृषणांना निरोप देते, मग टेस्टोस्टेरॉन तयार होतं. लशीत या हार्मोनची नक्कल एका परक्या प्रथिनाला चिकटवलेली असते. शरीराला वाटतं शत्रू आला, ते अँटिबॉडी तयार करतं, आणि त्या अँटिबॉडी खऱ्या हार्मोनलाही वाटेतच अडवतात. निरोप पोचतच नाही. म्हणजे आपल्या भाषेत, सर्व्हर फोडायचा नाही, रिक्वेस्टच अडवायची. मला हे भयंकर आवडलं. इम्प्रोव्हॅक नावाची ही लस ऑस्ट्रेलियात १९९८ मध्ये आली, युरोपात २००९ मध्ये मंजूर झाली. तिच्यात हार्मोन नसतंच, पण "हार्मोनवालं मटण" म्हणून गिऱ्हाईक बिचकेल ही भीती जर्मनीतल्या कत्तलखान्यांना आणि दुकानदारांना वाटते. त्यामुळे तिथल्या बऱ्याच शेतकऱ्यांनी गॅसची भूल देऊन कापायचा मार्ग धरला.

मी उत्साहात कोड लिहायला घेतला. दोन डोस, मध्ये किमान चार आठवडे. पहिल्याने शरीर फक्त तयार होतं, खरा परिणाम दुसऱ्याने. दुसरा डोस कत्तलीच्या चार ते सहा आठवडे आधी. कत्तल त्यानंतर दहा आठवड्यांपेक्षा लांबणार असेल तर तिसरा डोस, तोही कत्तलीच्या चार ते सहा आठवडे आधी. सगळं गणित उलटं, शेवटच्या तारखेपासून मागे. म्हणजे कत्तलीची तारीख भरल्याशिवाय स्क्रीन पुढे सरकूच शकत नाही. मी त्या रकान्यापुढे लाल चांदणी टाकली आणि घरी आलो.

रात्री मला सर्जा आठवला.

सांगोल्याजवळ आमचं गाव. मी चौथीत होतो, दिवाळीची सुट्टी होती. काकांचा खिलार खोंड, दोन-अडीच वर्षांचा, माझ्या हातून कडब्याची पेंडी खायचा. एक दिवस जनावरांचे डॉक्टर आले. चौघांनी दोर टाकून सर्जाला आडवा पाडला. काका म्हणाले, "तू डोक्यापाशी बस, तुज्या वळखीचा हाय त्यो." मी त्याच्या कपाळावर हात ठेवून बसलो. डॉक्टरांनी मोठा चिमटा काढला. कातडी फाटत नाही, रक्त येत नाही, आतली नस तेवढी चिरडली जाते. त्याआधी दगडाने ठेचायचे, त्या मानाने ही सुधारणाच म्हणे. सर्जा हंबरला नाही. नुसता माझ्याकडे बघत थरथरत होता. पुढे सुट्टी संपेपर्यंत त्याने माझ्या हातची पेंडी खाल्ली नाही.

शनिवारी काकांना फोन केला. म्हटलं, काका, आता लस निघालीये, चिमट्याची गरजच नाही. गुरांसाठीही बोप्रिव्हा म्हणून आहे.

"किती दिस टिकतंय?"

"काही महिने. मग परत द्यायची."

"आन् बैल किती वर्सं चालतो?"

"दहा-बारा."

काका हसले. "मंजी दर चार-सा म्हैन्याला सुई. एकांदी इसरली आन् औताला जुपल्याव बिथरला, तर तुजा कंपूटर धरणार हाय का त्येला?"

बरोबर होतं त्यांचं. गुरांची लससुद्धा मांसासाठी पोसलेल्या जनावरांसाठीच. आपल्याकडे तर २०१५ पासून बैलाच्या कत्तलीलाही बंदी. सर्जाच्या स्क्रीनवर ती लाल चांदणीची तारीख भरताच आली नसती. ज्याला सहा महिन्यांत मारायचं ठरलंय त्याच्या वेदनेसाठी एवढं संशोधन, आणि ज्याच्याकडून दहा वर्षं काम घ्यायचं, ज्याला पोळ्याला ओवाळायचं, त्याला?

मग जे इतकी वर्षं विचारलं नव्हतं ते विचारलं. "काका, सर्जाला भूल दिली होती का?"

फोनवर बराच वेळ काहीच नाही. "न्हाई रं. कोन इचारतंय? डाक्टर आला, चिमटा लावला, गेला."

लिग्नोकेन. दाढ काढताना आपल्याला टोचतात तेच. १९४३ साली शोधलेलं औषध. चिमट्याच्या आधी टोचायचं, थोडी मिनिटं थांबायचं, नंतर दुखणं कमी करायला आणखी एक सुई. मी आठवडाभर जीएनआरएचच्या प्रेमात होतो आणि उत्तर ऐंशी वर्षांपूर्वीचं निघालं. सर्जाच्या वेळी तेवढी मिनिटं थांबायला कुणाकडे वेळ नव्हता, एवढंच.

काकांच्या दावणीला आता नवा खोंड आहे. दिवाळीनंतर डॉक्टर येणार आहेत. सुयांचे पैसे मी देतो म्हटलं, तर काका म्हणाले, "पैशाचं काय न्हाई, म्या सांगतो डाक्टरला."

सांगतील. तरी मी त्या दोन दिवसांची रजा टाकून ठेवलीये.