बालाघाटावरचा पाऊस

सायकलची आणि माझी मैत्री गुरुविद्यालयातली. पुढे धर्मग्रामाच्या कामाला मोटारसायकल आली आणि माझी जुनी ॲटलस मागच्या पडवीत गंजत राहिली. तिचा साहिबाबादचा कारखानाही २०२० साली बंद पडला. यंदा भाद्रपदात चार दिवसांची सवड मिळाली, तेव्हा मी ती दुरुस्त करून घेतली आणि बीडहून पाटोद्यामार्गे सौताड्याच्या धबधब्यापर्यंत एकट्यानेच जायचे ठरविले. साठ-सत्तर किलोमीटरांची मजल. डॉक्टरांना विचारले नाही, कारण ते नाही म्हणाले असते.

बीड म्हटले की वाचकांना दुष्काळच आठवेल, आणि त्यात चूक नाही. परंतु पाली मागे टाकून, बिंदुसरेचे धरण डावे-उजवे न पाहता, मान खाली घालून मी मांजरसुंब्याच्या घाटाला लागलो तेव्हा समोर डोंगर नव्हताच, नुसता ढग होता. अर्धा घाट पायी चढलो, हे कबूल केलेले बरे. उतारावर सीताफळीची झाडे निथळत होती, फळे अजून कोवळी होती. मोटारीतून हाच घाट मी शेकडो वेळा चढलो असेन. त्याला इतकी वळणे आहेत हे पायांनी प्रथमच सांगितले.

वर पठारावर एक मौज आहे. पाटोद्याच्या आसपास पडणारा पाऊस एका दिशेने जात नाही. बिंदुसरेचे पाणी बीडकडे उतरून शेवटी गोदावरीला मिळते. मांजरा ह्याच तालुक्यात गवळवाडीजवळ उगम पावते आणि ७२४ किलोमीटरांचा वळसा घेऊन तीही गोदावरीतच जाते. विंचरणा मात्र पाठ फिरवून सीनेकडे आणि सीनेतून भीमेकडे निघून जाते. पाऊस सगळ्यांचा, पण येथे थांबायला कोणी तयार नाही.

लिंबागणेशाच्या पुढे मालमोटारींचा त्रास चुकवावा म्हणून मी एका गाडीवाटेने वळलो. हा शहाणपणा अंगलट आला. ओली काळी माती चाकाला चिकटते आणि मडगार्डखाली ठासून बसते. मग सायकल ढकलताही येत नाही, खांद्यावर घ्यावी लागते. पावसाचा जोर वाढला तसा मी एका वस्तीवरच्या पत्र्याखाली शिरलो. घरातील आजींनी काही न विचारता तुरीची एक काटकी नातवाच्या हाती दिली आणि तो चाकातला चिखल कोरू लागला.

“मास्तर, कोन्त्या साळंवर हैत तुम्ही? आन् एवढ्या पान्यात सायकल कामून काढली?”

मी मास्तर नव्हे, हे सांगायचे राहून गेले. चहा आला. दोन मुलगे, दोन सुना, चार नातवंडे. दसरा झाला की दोन्ही जोडपी उसाला जाणार. नवरा-बायको मिळून एक कोयता; ह्या घरातून दोन कोयते. उचल घेऊन झालेली होती आणि तिच्यातून पत्रेही आले होते. धाकट्या दोघांना आया बरोबर नेणार, मोठी दोघे आजीजवळ राहणार. कोठे जाणार, असे मी विचारले.

“मुकादम नेईल तिकडं. पट्टा पडला की येत्यात माघारी.”

पट्टा पडतो फाल्गुन-चैत्रात. म्हणजे नाताळ उसाच्या फडात.

हे माझ्या ध्यानात यायला पंचविशीच्या पुरोहितपणानंतर चिखलात रुतावे लागले, असे म्हणता येणार नाही. मला हे पूर्वीच ठाऊक होते. नऊ-दहा वर्षांपूर्वी नाताळच्या आधीच्या रविवारी, रिकामी बाकडी पाहून मी प्रवचनात कडक बोललो होतो. उसाला मिस्सेपेक्षा मोठे मानणाऱ्या कुटुंबांविषयी बोललो होतो. ज्यांना बोललो ते ऐकायला नव्हतेच. ऐकले ते त्यांच्या म्हाताऱ्या आईबापांनी, आणि मान खाली घालून ऐकले. उन्हाळ्यात त्यांच्यापैकी एकाचा मुलगा मला भेटायला आला. “फादर, बापानं सांगितलं सगळं. आम्ही पाचटाच्या कोपीवर तारा टांगला होता,” एवढेच तो म्हणाला. मी त्याला चहा पाजला. उत्तर मात्र दिले नाही. आजतागायत दिलेले नाही.

आजींच्या नातवाने चाक मोकळे करून फिरवून दाखविले आणि बक्षीस म्हणून घंटी वाजवू देण्याची अट घातली. ती त्याने पुष्कळ वेळ वाजविली.

संध्याकाळी सौताड्याला पोचलो. विंचरणा कड्यावरून खोल दरीत कोसळत होती आणि तळाचे रामेश्वराचे मंदिर तुषारांत बुडाले होते. ते पाणी सीनेकडे, भीमेकडे निघाले होते. दसऱ्यानंतर पुष्कळ कोयतेही त्याच बाजूला जातात. अंधार पडेपर्यंत कठड्याशी उभा राहिलो. सर्वांग ओले होते आणि गुडघे थरथरत होते.

घरी परतल्यावर दसऱ्याच्या आत मी आमच्या अकरा कुटुंबांकडे जाऊन डिसेंबरातला त्यांचा पत्ता विचारला. सुरुवात त्या तारा टांगणाऱ्याच्या घरापासून केली. चौघांनी गावाचे नाव सांगितले. बाकीच्यांना फक्त मुकादमाचा फोन ठाऊक होता; तो डायरीत लिहून घेतला.