पाणीपातळी

कोलोनहून दक्षिणेला जायला रेल्वेच्या दोन वाटा आहेत. २००२ साली सुरू झालेली वेगवान वाट डोंगर पोखरत, ताशी ३०० किलोमीटरनं धावत, तासाभरात फ्रँकफर्टला नेऊन सोडते. दुसरी एकोणिसाव्या शतकातली. बॉन, कोब्लेन्झ, बिंगेन करत ती ऱ्हाइनच्या डाव्या काठानं, नदी वळेल तशी वळत जाते. कामासाठी मला सारखं मानहाइमला जावं लागतं, आणि वेळ हाताशी असला की मी जुन्या वाटेनंच जाते. तासभर जास्त लागतो, पण नदीकडची खिडकी मिळाली की तो तास माझा असतो.

कोब्लेन्झ सुटलं की दरी आवळत जाते. दोन्ही अंगांना उभ्या चढणीवर द्राक्षमळे, त्यांच्या मुळांशी पाटीचा काळा दगड, दिवसभराचं ऊन पोटात धरून ठेवणारा. मग लोरेलायचा १३२ मीटर उंच कडा येतो. तिथं नदी अरुंद होते, झटकन वळते, भोवरे धरते. नावा त्यानं बुडत. पण कवींनी तो दोष कड्यावर बसून केस विंचरणाऱ्या एका बाईच्या माथी मारला. ब्रेंटानोच्या १८०१ सालच्या कवितेत तर ती प्रेमात फसवली गेलेली आहे. आधी फसवणूक तिची, आणि बुडणाऱ्यांचं पापही तिचंच! हा कडा दिसला की मला दर वेळी त्या बाईची बाजू घ्यावीशी वाटते.

या दरीतली आणखी एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. कोब्लेन्झपासून माइन्झपर्यंत ऱ्हाइनवर एकही पूल नाही. दोन्ही काठांवर रूळ, रस्ते, समोरासमोर वसलेली गावं. पलीकडच्या देवळाची घंटा अलीकडे ऐकू येते. जायचं तर फेरीबोट, आणि ती रात्री थांबते.

२०१८च्या शरदात तो मला भेटायला आला होता, तेव्हा त्याला मी याच गाडीनं नेलं. त्या वर्षी पाऊस दडी मारून बसला होता. ऑक्टोबरात काउब गावच्या मोजपट्टीवर पाणी २५ सेंटिमीटरवर उतरलं, आणि नदीच्या पोटातले गोट्यांचे पट्टे उघडे पडले. तो खिडकीला कपाळ टेकून बघत होता. ‘आमच्या पंचगंगेला उन्हाळ्यात असं बघवत नाही,’ म्हणाला. कोल्हापुरात त्याचं कॉलेज होतं, शिकवण्यावर जीव होता, आई होती, शिवाय रंकाळ्यावरची रोजची संध्याकाळ. माझं इथं काम होतं, आणि ते मला मनापासून आवडत होतं. चार दिवस आम्ही पुष्कळ बोललो. ‘तू ये’ असं तो म्हणाला नाही, मीही म्हटलं नाही.

अंतरामुळे प्रेम संपतं हे मला पटत नाही. आम्ही दोघं ज्या ज्या मातीवर उभे होतो, तिच्यावर आमचं खरं प्रेम होतं, आणि एकमेकांच्या पायांखालची ती माती काढून घ्यायची नाही इतकी माया आम्हांला एकमेकांची होती. त्या न मागण्याला मी आजही प्रेमच म्हणते. त्यानं सुख मिळत नाही, हेही तितकंच खरं.

माझी कामावरची मैत्रीण आमच्या कारखान्याच्या मालवाहतुकीचं बघते. बार्ज, माल, पाण्याची पातळी हे तिचं रोजचं काम. तो परत गेल्यानंतर एका प्रवासात ती शेजारी बसली होती. नदी आटली, मी म्हटलं. ती म्हणाली, ‘मोजपट्टीचं शून्य म्हणजे तळ नव्हे. मधल्या वाटेला त्याहून जास्त पाणी असतं. बोटी चालतात, फक्त माल कमी घ्यायचा.’ ती नदीबद्दलच बोलत होती. मी मात्र त्या हिवाळ्यात तसंच जगले: कामावर गेले, हसले, जेवले, सगळं थोडं थोडं.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर बुडालं. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. मानहाइमच्या बैठकीत टेबलाखाली फोन धरून मी ते आकडे वाचत होते. न राहवून विचारलं, ‘पाणी कुठवर?’ दुपारी उत्तर आलं, ‘गल्लीच्या तोंडाशी. आई वरच्या मजल्यावर आहे, बरी आहे. तू जेवलीस का?’

मैत्रिणीचे वडील १९६१च्या तुर्की-जर्मन करारानंतर अनातोलियातून कोलोनला मोटारींच्या कारखान्यात आले. आई कित्येक वर्षं तिकडेच राहिली. सत्तरच्या दशकात वडील तिला आवाज भरून कॅसेट पाठवत. गेल्या हिवाळ्यात आई वारली आणि कपाटात त्या कॅसेट सापडल्या. मैत्रिणीनं त्या फोनवर उतरवून घेतल्या. परवा याच गाडीत, बोपार्ड गेल्यावर, तिनं एक इअरफोन माझ्या कानात दिला. मला तुर्की येत नाही. एक तरुण पुरुष सावकाश, थांबत थांबत बोलत होता. मागं कुणीतरी भांडी आपटत होतं. ‘काय म्हणतात?’ मी विचारलं. ती म्हणाली, ‘छप्पर गळतंय का. अंजिराला पाणी घालतेस ना. धाकट्याचा खोकला गेला का. बस, एवढंच. सगळ्या कॅसेटभर एवढंच.’

ती रडत होती आणि तिला ते लपवायचं नव्हतं. मग डोळे पुसून तिनं विचारलं, ‘तुझ्याकडे त्याचं शेवटचं काय आहे?’

मी तिला फोन उघडून तो पुराच्या दिवसाचा निरोप दाखवला, आणि एकेक शब्द जर्मनमध्ये सांगितला. पुढं सांगतच राहिले: रंकाळा, गोट्यांचे पट्टे, त्याचं खिडकीला टेकलेलं कपाळ. इतक्या वर्षांत त्याच्याबद्दल मी या देशात कुणाशीच इतकं बोलले नव्हते. ती मधूनच प्रश्न विचारी, नावाचा उच्चार पुन्हा करून बघे, चुकला तर मी दुरुस्त करी. मानहाइमला उतरलो तेव्हा बैठकीचे कागद दोघींनीही उघडले नव्हते.