हजेरीपटावरचं नाव

पाळी. फर्स्ट, सेकंड, थर्ड. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या घरांत झोप, डबा, पोरांचा अभ्यास, लग्नाची बोलणीसुद्धा तिच्या तंत्रानं चालत. आता डिलिव्हरी ॲपचं लॉगइन आहे. ते कधी बंद करायचं, हे इन्सेन्टिव्हला किती ऑर्डरी कमी पडतात त्यावर ठरतं.

ओव्हरटाइमचे दुप्पट पैसे. गेटसभा. दिवाळीचा बोनस.

पगाराची चिठ्ठी. कपातीच्या रकान्यात पीएफ, ईएसआय, जून-डिसेंबरला कामगार कल्याण निधी. कपातीवर कुरकुर सगळेच करत, पण तिच्यात मालकाची भर पडायची आणि पीएफ तर कामगाराच्या नावावर जमा व्हायचा.

ईएसआयचं कार्ड. त्यावर त्र्यंबक रोडच्या कामगार रुग्णालयात घरच्यांनाही औषधपाणी मिळे. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराचे ७० टक्के मिळतात. २०१० च्या दुरुस्तीपासून घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही कामावरचा धरला जातो. कॉलेज रोडवर भर पावसात पार्सल घेऊन धावणाऱ्या पोराचं तर सगळं कामच रस्त्यावर. त्याला हे कार्ड नाही. कंपन्या अपघात विमा देतात, त्याच्या अटी त्याच ठरवतात. साध्या तापात पडून राहिला, की त्या दिवसाची कमाई बुडाली.

विडी कामगाराचं ओळखपत्र. याच्यापाशी थांबायला हवं. सिन्नरची बाई घरातच विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. साच्यावर पान कापायचं, चिमटीनं तंबाखू पसरायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार विड्यांमागे; खराब ठरलेल्या विड्या बाजूला काढल्या जात, त्यांचे पैसे नाहीत. ना कारखाना, ना पाळी, ना मालक डोळ्यांसमोर. तरी १९६६ च्या कायद्यानं तिला कामगार मानलं. पुढे पीएफ मिळाला. १९७६ च्या कायद्यानं विडीवर उपकर बसवला, त्यातून दवाखाने चालले, पोरांना शिष्यवृत्ती मिळाली. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि उपकर गेला.

लेव्ही. हमालाला एक मालक कधीच नव्हता. आज या व्यापाऱ्याची गाडी, उद्या त्याची. म्हणून अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. व्यापाऱ्यानं मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही माथाडी मंडळाकडे भरायची. मंडळानं त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस द्यायचा. मालक बदलत राहिला, तरी हमालाचं खातं एकच. हा हक्क काही सुखासुखी टिकलेला नाही. एप्रिल २०२४ मध्ये हमाली-तोलाई-लेव्हीच्या वादावरूनच नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत कांद्याचे लिलाव बंद पडले होते.

म्हणून, ‘ऑर्डरवर काम करणारा हा नव्या जमान्याचा माणूस, याला जुने कायदे कसे लावणार?’ असं कोणी म्हणालं, की मला राग येतो. नगावर काम करणारी बाई आणि मालक नसलेला हमाल, दोघांचीही सोय कायद्यानं पाहिली होती.

सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ची. ती २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली. तिच्यात अशा ऑर्डरवरच्या, म्हणजे ‘गिग’ कामगाराचं नाव प्रथमच आलं, हे खरं. पण मालक-कामगार या नेहमीच्या नात्याबाहेरचा, अशीच त्याची व्याख्या केली आहे. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत द्यायची. कामगारांना दिलेल्या-देय रकमेच्या पाच टक्क्यांवर ती जाणार नाही. पैसा निधीत पडेल. त्यातून योजना निघतील, सरकार काढील तेव्हा. लेव्हीसारखा तो कामाबरोबर त्याच्या खात्यात पडणार नाही.

हजेरीपट. तो गेला असं म्हणतात, पण तसं नाही. कोण किती वाजता लॉगइन झाला, हॉटेलबाहेर किती मिनिटं उभा राहिला, पाथर्डी फाट्यापर्यंत किती किलोमीटर गाडी चालवली, कोणती ऑर्डर नाकारली, सगळं ॲपमध्ये आहे. कुठल्याही टाइम ऑफिसच्या कारकुनानं इतका चोख हजेरीपट ठेवला नसेल. फक्त तो कामगाराच्या कामी येत नाही, आयडी ब्लॉक करायला येतो. ऑर्डरमागे लेव्ही कापून तिथल्या तिथे त्याच्या नावावर टाकायला याहून वेगळी नोंद लागत नाही.