पेटीतली मुलगी आणि मंतर



गावात जादूचा खेळ होऊन गेला की पुढचे तीन-चार दिवस वर्गात दुसरा विषय निघत नाही. त्यातही मुलांच्या डोक्यात घर करून बसतो तो एकच खेळ. मुलीला पेटीत झोपवायचं, करवतीनं मधोमध कापायचं आणि परत जोडून उभं करायचं. यंदा माझ्या चौथीच्या वर्गात यावरून दोन गट पडले. एक गट म्हणे, "रबराची बाहुली होती." दुसरा म्हणे, "नाही जी, मंतर मारला म्हणून जुळली." त्यात एकानं भर घातली, "मंतरानं तं सापाचं इख बी उतरते, मॅडम."

हे ऐकल्यावर हसून विषय सोडता येईना. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशी-तुरीच्या वावरात आईबापांसोबत ही लेकरंही जातात. कापलेलं शरीर मंत्रानं जुळतं असं ज्याला वाटतं, तो साप चावल्यावर आधी दवाखान्याकडे धावेल का? महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात याची वेगळी नोंद आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. रंगमंचावरच्या जादूचा खेळ मात्र गुन्हा नाही. हा फरक चौथीच्या मुलाला समजेल असा सांगायचा होता.

म्हणून आधी गोष्ट सांगितली. हा खेळ काही प्राचीन विद्या नाही. १७ जानेवारी १९२१ ला लंडनच्या फिन्सबरी पार्क एम्पायर नाट्यगृहात पी. टी. सेल्बिट या जादूगारानं तो लोकांसमोर केला. पुढे आपल्या देशातले मोठे जादूगार पी. सी. सरकार यांनी ९ एप्रिल १९५६ ला बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात विजेच्या गोल करवतीनं दीप्ती डे या सतरा वर्षांच्या सहायिकेला 'कापलं'. कापून झाल्यावर ती उठेना. तेवढ्यात निवेदकानं कार्यक्रम संपवला. मुलगी मेली असं समजून घाबरलेल्या लोकांनी बीबीसीकडे फोनवर फोन केले. दीप्ती ठणठणीत होती. "म्हणजे शिकलेले लोकबी फसतेत?" एका पोरानं विचारलं. फसतात. कारण फसणं हे बुद्धू असल्याचं लक्षण नाही. आपले डोळे अर्धं पाहतात आणि उरलेलं मन भरून काढतं. पेटीतून एका टोकाला डोकं आणि दुसऱ्या टोकाला पाय दिसले, की मधलं शरीर सरळच असणार असं आपणच ठरवून टाकतो.

मग हाच खेळ आम्ही वर्गात बनवला. साहित्य साधं : लांब पाकीट, जाड कागदाची पट्टी, कात्री. पाकीट चिकटवून दोन्ही टोकं कापली की नळी तयार होते. पाकिटाच्या मागच्या बाजूला, मधोमध, तीन-चार सेंटिमीटर अंतरावर दोन आडव्या फटी पाडायच्या. पाकिटापेक्षा लांब पट्टीवर मुलीचं चित्र काढायचं. पट्टी एका टोकातून आत घालायची, पहिल्या फटीतून मागे बाहेर काढायची आणि दुसऱ्या फटीतून परत आत न्यायची. समोरून फक्त डोकं आणि पाय दिसतात. आता कात्रीचं एक पातं पट्टी आणि पाकीट यांच्यामध्ये सरकवून दोन फटींच्या मधून पाकीट कापायचं. पाकिटाचे दोन तुकडे, मुलगी अख्खी!

मी आधी फक्त करून दाखवलं. कसं झालं असेल याचं चित्र प्रत्येकानं वहीत काढायचं, मगच पाकीट उलटं करायचं, असा नियम ठेवला. अकरा जणांनी वेगवेगळे अंदाज काढले. "मंतर" कोणीच काढला नाही, कारण मंतराचं चित्र काढता येत नाही. माझ्या मते या तासाची खरी कमाई हीच.

शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, नेहमी पोरीलेच काऊन कापतेत?" प्रश्न मोलाचा होता. सेल्बिटच्या काळापासून पेटीत बहुतेक वेळा बाईच राहिली आणि जाहिरातीत नाव जादूगाराचं छापलं गेलं. पण पेटीच्या खेळात अवघड काम कोणाचं? अरुंद जागेत अंग चोरायचं, चुकायचं नाही, वर हसरा चेहरा ठेवायचा. हे सगळं तीच करते. दुसऱ्या दिवशी मुलींनी पाकिटाचा खेळ परिपाठात सादर केला. कात्री मुलींच्या हातात होती आणि पट्टीवर एका मुलाचं चित्र होतं, मिशीसकट.

पालकांना एक विनंती. घरी मुलं हा खेळ करतील तेव्हा बोथट टोकाची कात्री द्या, आणि खऱ्या माणसावर, लहान भावंडावर पेटी-करवतीची नक्कल करू देऊ नका. आणि मुलानं "हे कसं झालं?" विचारलं, तर लगेच उत्तर सांगू नका. "तुला काय वाटतं, चित्र काढून दाखव," एवढं म्हणा. जादूगार तिकीट घेतो, थक्क करतो आणि घरी पाठवतो. जो थक्क करून वर विश्वास ठेवायला सांगतो, औषध बंद करायला सांगतो, त्यालाही आपल्या लेकरांनी हेच म्हणावं : "कसं झालं, ते दाखवा."